पट्टी निघंना: वेब सर्व्हरवरून बाहेरचा प्रोग्राम चालवताना आलेलं एक प्रकरण

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा झाला की शेतकरी पट्टीची वाट बघत बसतो. किती पोती, किती वजन, काय दर निघाला, हमाली-तोलाई किती, आधी घेतलेली उचल वजा जाता हातात किती, हे सगळं त्या एका कागदावर असतं. कर्नाटकातून, मराठवाड्यातून रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाला तो कागद घेऊन परतीची गाडी धरायची असते. म्हणून पट्टीला उशीर झाला की दुकानातलं वातावरण लगेच बदलतं.

अशाच एका अडत दुकानासाठी आम्ही दोघांनी, मी आणि माझ्याबरोबर काम करणारा एक तरुण मुलगा, पट्टीचं सॉफ्टवेअर केलं. काम साधं होतं. कारकून ब्राउझरमध्ये आकडे भरणार, 'पट्टी काढा' बटण दाबणार, पीडीएफ तयार होणार आणि तिची लिंक शेतकऱ्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जाणार. पट्टीचा साचा दिवाणजींनी स्वतः लिब्रेऑफिसमध्ये, म्हणजे कागदपत्रं बनवायच्या मोफत प्रोग्राममध्ये, बनवला होता आणि तो पुढंही स्वतःच बदलता यावा ही त्यांची अट होती. ती मला रास्त वाटली. तीस वर्षं पट्ट्या लिहिणाऱ्या माणसाला रकाना कुठं हवा हे माझ्यापेक्षा जास्त कळतं. आमची वेबसाइट पीएचपी या भाषेत होती. पण पीडीएफ बनवणारी एखादी पीएचपी लायब्ररी घेण्याऐवजी आम्ही ठरवलं की पीएचपीनं साच्यात आकडे भरायचे आणि पीडीएफ करायला सर्व्हरवरचं लिब्रेऑफिसच विना-खिडकी, कमांडनं चालवायचं.

माझ्या लॅपटॉपवर हे पहिल्या झटक्यात चाललं. दुकानाचा सर्व्हर म्हणजे वरच्या मजल्यावर कपाटात ठेवलेला एक संगणक. 2019 च्या ऑगस्टमधल्या पुरानंतर तिथं कुणी यंत्र तळमजल्यावर ठेवत नाही. त्यावर उबुंटू 20.04 ही लिनक्स प्रणाली, अपाची हा वेब सर्व्हर आणि पीएचपी 7.4 होतं. तिथंही टर्मिनलवर कमांड देऊन पाहिली, पीडीएफ आली. मी निर्धास्त घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सौद्यानंतर दिवाणजींचा फोन. "दादा, पट्टी निघंना की. बटण दाबतोय, पांढरं पान येतंय. माणसं खोळंबल्यात." त्या दिवशी पट्ट्या कार्बन लावून हातानं लिहिल्या गेल्या.

आधी विचारायला हवं होतं ते

मी कमांड चालवत होतो 'शेल-एक्झेक' या फंक्शननं. ते कमांडनं जे छापलं तेवढंच परत देतं. कमांड यशस्वी झाली की पडली, हे ते सांगत नाही. शिवाय प्रोग्राम आपल्या तक्रारी ज्या वाटेनं बाहेर टाकतो, म्हणजे स्टँडर्ड एरर, ती वाट या फंक्शनच्या हातात येतच नाही. ते सगळं अपाचीच्या एरर लॉगमध्ये जाऊन पडतं. मी तो लॉग उघडण्याआधी तासभर पीएचपीच्या कोडमध्ये दोष शोधत होतो. तो तास वाया गेला.

मग दोन बदल केले. 'शेल-एक्झेक' काढून 'एक्झेक' घातलं, कारण त्याच्या तिसऱ्या जागी व्हेरिएबल दिलं की एक्झिट कोड मिळतो, म्हणजे प्रोग्राम संपताना मागं ठेवतो तो निकालाचा आकडा. आणि कमांडच्या शेवटी 2>&1 लावलं, म्हणजे तक्रारीही त्याच वाटेनं हातात येतील. पुन्हा बटण दाबलं. कोड आला 127.

127 चा अर्थ शेलच्या, म्हणजे कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, जगात ठरलेला आहे: कमांड सापडलीच नाही. 126 असता तर सापडली पण चालवायची परवानगी नाही. कारण लगेच कळलं. लिब्रेऑफिसचा शॉर्टकट मी माझ्या होममधल्या, म्हणजे माझ्या यूजरच्या घरच्या फोल्डरातल्या, बिन फोल्डरात ठेवला होता. तो फोल्डर माझ्या पाथमध्ये, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत, असतो, अपाचीच्या नाही. पूर्ण पत्ता लिहिला आणि ती अडचण संपली.

लगेच दुसरी आली. कोड 77, आणि सोबत ओळ: 'यूजर इन्स्टॉलेशन कुड नॉट बी कम्प्लिटेड'.

इथं जरा थांबून सांगतो, कारण या प्रकरणाचं मूळ इथं आहे. अपाची कमांड चालवतो ती माझ्या नावानं नाही. उबुंटूवर तो 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' नावाच्या वेगळ्या यूजरनं चालतो. या यूजरचं घर म्हणून वेबसाइटचा फोल्डर नोंदलेला असतो आणि त्या फोल्डराचा मालक रूट हा यंत्राचा सर्वाधिकारी यूजर असतो, म्हणजे स्वतःच्याच घरात त्याला काही लिहिता येत नाही. त्यात उबुंटूच्या अपाचीची एक पर्यावरण-फाईल असते, एन्व्हव्हार्स नावाची. तिच्या सुरुवातीलाच होम हे व्हेरिएबल मुद्दाम पुसलेलं असतं आणि पुढं भाषा ठरवणाऱ्या लँग या व्हेरिएबलची किंमत 'सी' अशी बसवलेली असते. लिब्रेऑफिस मात्र सुरू होताना पहिलं काम करतं ते म्हणजे यूजरच्या घरात स्वतःचा प्रोफाइल फोल्डर तयार करणं. घर नोंदीत शोधलं, सापडलं, पण लिहिता आलं नाही. तिथंच ते थांबलं. या थांबण्याचा आतला कोड खरं तर 333 आहे. पण एक्झिट कोडला फक्त आठ बिट मिळतात, म्हणून 256 वजा होऊन आपल्याला 77 दिसतो. हे माहीत नसेल तर 77 शोधत माणूस भलतीकडं जातो.

माझ्या सहकाऱ्यानं दोन उपाय सुचवले. एक, त्या फोल्डरला 777 परवानगी देऊ. दोन, सर्व्हरच्या यूजरला पासवर्डशिवाय सुडो, म्हणजे रूटच्या अधिकारानं कमांड चालवायची मुभा, देऊ. दोन्हींनी पट्टी निघाली असती. मी दोन्ही नाकारले आणि आजही नाकारेन. वेबसाइटचा फोल्डर सगळ्यांना लिहायला उघडा टाकणं म्हणजे गोदामाचं दार उघडं टाकून झोपणं. आणि सुडो देणं म्हणजे वेबसाइटमध्ये एक चूक सापडली की अख्खं यंत्र परक्याच्या हातात. योग्य उपाय छोटा होता. लिब्रेऑफिसला प्रोफाइल कुठं ठेवायचा हे कमांडमध्येच सांगता येतं, 'यूजर-इन्स्टॉलेशन' हा पर्याय देऊन. वेबच्या बाहेर एक फोल्डर केला, त्याची मालकी सर्व्हरच्या यूजरला दिली आणि तो पत्ता कमांडमध्ये लिहिला.

यार्डात नव्या हमालाला 'पोती नेहमीच्या जागी लाव' असं सांगून चालत नाही. नेहमीची जागा त्याला ठाऊक नसते. सर्व्हरचा यूजर तसाच नवा माणूस आहे. माझं घर, माझा पाथ, माझे फॉन्ट, माझी भाषा, यातलं त्याच्याकडं काही नाही. मी टर्मिनलवर तपासलं तेव्हा मी माझीच तपासणी करत होतो, त्याची नाही. तेव्हापासून माझी पद्धत ठरली आहे. कमांड वेबमध्ये घालण्याआधी 'सुडो -यू' लावून ती सर्व्हरच्या यूजरच्या नावानं चालवायची, आणि मध्ये 'एन्व्ह -आय' घालून सगळी पर्यावरण-व्हेरिएबलं पुसायची, पाथ तेवढा हातानं द्यायचा. जे काही मोडायचं आहे ते तिथंच मोडतं, सौद्याच्या दिवशी नाही.

याच वेळी आणखी एका गोष्टीनं अर्धा दिवस खाल्ला. तपासणीसाठी मी टेंप, म्हणजे तात्पुरत्या फाईलींच्या, फोल्डरात एक लॉग लिहीत होतो आणि तो कुठंच सापडत नव्हता. उबुंटूवर अपाचीच्या सर्व्हिसला सिस्टमडी, म्हणजे सर्व्हिस चालू-बंद करणारा लिनक्सचा भाग, स्वतःचा खासगी टेंप फोल्डर देतं. अपाचीला जो टेंप दिसतो तो खऱ्या टेंपच्या आत 'सिस्टमडी-प्रायव्हेट' नावानं सुरू होणाऱ्या लांबलचक फोल्डरात असतो. फाईल तिथं होती.

चौकोन

आता पीडीएफ येऊ लागली, पण तिच्यात अक्षरांऐवजी चौकोन. आकडे ठीक, मराठी गायब. साच्यातला फॉन्ट मी माझ्या होममध्ये टाकला होता, आणि त्यामुळं तो फक्त मलाच दिसत होता. तो सगळ्या यंत्रासाठीच्या फॉन्ट फोल्डरात हलवला, फॉन्टची यादी ताजी करणारं 'एफसी-कॅश' चालवलं, संपलं. देवनागरीत काम करणाऱ्यांना हा खड्डा हमखास लागतो. इंग्रजीत काम करणाऱ्याला तो दिसतही नाही, कारण त्याची अक्षरं जवळपास कुठल्याही फॉन्टमध्ये असतात.

नावांचा घोळ

पुढचं प्रकरण गंभीर होतं आणि त्यातली चूक पूर्णपणे माझी होती.

लिब्रेऑफिसची कमांड लांब झाली म्हणून मी ती एका छोट्या शेल स्क्रिप्टमध्ये ठेवली होती. पीएचपी त्या स्क्रिप्टला कच्च्या फाईलचा पत्ता आणि तयार फाईलचं नाव देई. नाव असं: तारीख, मग आडवी रेघ, मग शेतकऱ्याचं किंवा पेढीचं नाव. स्क्रिप्ट पीडीएफ बनवून ती त्या नावानं ठेवी आणि शेवटच्या ओळीत तिचा पत्ता छापी. 'एक्झेक' शेवटची ओळ परत देतं, ती लिंक म्हणून पुढं जाई. कमांड मी सरळ ओळीला ओळ जोडून तयार करत होतो.

एके दिवशी एका पेढीची पट्टी अडली. तिच्या नावात & होतं, 'अमुक & सन्स' असं. शेलला & म्हणजे 'ही कमांड मागं चालू दे, पुढची घे'. म्हणून कमांडचे दोन तुकडे झाले आणि 'सन्स' नावाचा प्रोग्राम शोधायला शेल निघाला. पट्टी न निघणं ही त्यातली लहान गोष्ट. नावाच्या रकान्यात & चालतं तर अर्धविरामही चालणार, आणि अर्धविरामानंतर जे लिहाल ते सर्व्हरवर चालणार. गावोगावच्या लोकांना मोबाईलवरून नाव नोंदवता यावं म्हणून ते पान आम्ही इंटरनेटवर उघडं ठेवलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. नोंदणीचं पान तेव्हाच बंद केलं.

उपाय म्हणून दुसऱ्या दिवशी प्रत्येक शब्द 'एस्केप-शेल-आर्ग' मधून काढला. हे फंक्शन शब्दाला अवतरणात गुंडाळतं, मग शेल त्यातल्या खुणांचा अर्थ लावत नाही. टर्मिनलवरून तपासलं, & वाली पेढी व्यवस्थित. पान पुन्हा उघडलं.

चार दिवसांनी दिवाणजी दबक्या आवाजात म्हणाले, "जरा येऊन जावा. एकाच्या लिंकवर दुसऱ्याचाच हिशोब उघडतोय." एका शेतकऱ्यानं घरी जाऊन लिंक उघडली तर तिथं भलत्याच माणसाची पोती आणि भलत्याच माणसाची रक्कम. माणसानं किती उचल घेतली आहे हे यार्डात कुणी चारचौघांत बोलत नाही. ते आमच्या सॉफ्टवेअरनं दुसऱ्याच्या हातात दिलं होतं.

कारण पुन्हा तेच, लँगची किंमत 'सी'. त्या आवृत्तीतलं 'एस्केप-शेल-आर्ग' चालू लोकेलप्रमाणे, म्हणजे भाषा-लिपीच्या ठरवलेल्या पद्धतीप्रमाणे, अक्षरं वाचतं. लोकेल 'सी' असेल तर देवनागरीचे बाइट त्याला अवैध वाटतात आणि ते गुपचूप गाळून टाकतं. चूक दाखवत नाही, इशारा देत नाही. त्यामुळं त्या दिवसाच्या प्रत्येक पट्टीच्या फाईलचं नाव तारीख आणि आडवी रेघ एवढंच उरलं, आणि पुढची पट्टी आधीच्या पट्टीवर लिहिली जात गेली. लिंक देताना लगेच उघडून पाहिली तर बरोबर माणसाची दिसे, दोन मिनिटांनी दुसऱ्याची. टर्मिनलवर माझं लोकेल यूटीएफ-8, म्हणजे देवनागरी ओळखणारं, होतं, म्हणून तिथं सगळं ठीक. मी पुन्हा स्वतःचीच तपासणी केली होती.

दुकानाच्या मालकांना मी काय झालं ते जसंच्या तसं सांगितलं. ज्यांच्या लिंक गेल्या होत्या त्या सगळ्या बंद केल्या, आणि त्या लोकांना दिवाणजींनी एकेक फोन करून छापील पट्टी पोचती केली.

दुरुस्तीत लोकेल 'सी-यूटीएफ-8' केलं, पण तेवढ्यावर भागवलं नाही. फाईलच्या नावात माणसाचं नाव असण्याची गरजच नव्हती. आता नाव फक्त पट्टीच्या आत असतं आणि फाईलला पट्टी क्रमांक व त्यापुढं अंदाज न येणारी लांब अक्षरमाळ, म्हणजे क्रमांक बदलून शेजाऱ्याची पट्टी उघडता येणार नाही. आणि कमांड ओळ म्हणून बनवणंच बंद केलं. पीएचपी 7.4 पासून 'प्रॉक-ओपन' ला कमांड अ‍ॅरे म्हणून देता येते: पहिला घटक प्रोग्राम, पुढचे त्याचे शब्द. मध्ये शेल येतच नाही, त्यामुळं & असो वा अर्धविराम, ते साधं अक्षर राहतं. पर्यावरण-व्हेरिएबलंही तिथंच स्वतंत्र देता येतात, म्हणजे अपाचीकडून काय आलं यावर विसंबावं लागत नाही. हे फंक्शन वापरताना एक सांभाळावं. प्रोग्रामच्या दोन्ही वाटा, छापलेलं आणि तक्रारी, आलटून पालटून वाचायच्या. एकच वाट शेवटपर्यंत वाचत बसलात आणि दुसरी भरली, तर लिनक्सवर साधारण 64 किलोबाइटला पाइप तुंबतो, प्रोग्राम तिथं थांबतो, आणि आपण त्याची वाट बघत थांबतो.

सौद्याची गर्दी

हे सगळं झाल्यावरही सौद्याच्या ऐन वेळी काही पट्ट्या निघत नव्हत्या. एक्झिट कोड शून्य, तक्रार नाही, फाईल नाही. एकेकटी काढली तर निघे. दोन कारकुनांनी एकाच वेळी बटण दाबलं की एकाची हरवे. एकाच प्रोफाइलवर लिब्रेऑफिसची दुसरी प्रत सुरू केली की ती आपलं काम आधीच चालू असलेल्या प्रतीकडं सोपवून निघून जाते. पहिली तेवढ्यात आपलं काम संपवून बंद होत असेल तर ते सोपवलेलं काम हवेत राहतं. म्हणून फक्त कोडवर विश्वास ठेवणं सोडलं. फाईल आहे का, रिकामी नाही ना, तिची सुरुवात पीडीएफच्या खुणेनं होते का, हे पाहिल्याशिवाय आता आम्ही 'झालं' म्हणत नाही.

दर वेळी वेगळा प्रोफाइल देऊन पाहिला. चाललं, पण कोरा प्रोफाइल उभा करायला प्रत्येक वेळी जादा वेळ, आणि पाच-सहा प्रती एकदम सुरू झाल्या की ते जुनं यंत्र धापा टाकू लागलं. त्यात एकदा एक प्रत अडकली ती अडकलीच. पीएचपीची कमाल वेळेची मर्यादा अशा वेळी कामाला येत नाही, कारण लिनक्सवर बाहेरच्या प्रोग्रामची वाट बघण्यात गेलेला वेळ त्यात धरलाच जात नाही. अपाचीचा एक कामगार तसाच अडकून राहिला.

तेव्हा मांडणीच बदलली. आता वेबचं पान कोणताही प्रोग्राम चालवत नाही. बटण दाबलं की डेटाबेसच्या तक्त्यात एक ओळ पडते, 'ही पट्टी काढायची आहे'. दुसरीकडं सिस्टमडीची एक छोटी सर्व्हिस चालू असते, तिला स्वतःचा वेगळा यूजर आहे, लिहिता येण्याजोगं घर आहे, यूटीएफ-8 लोकेल आहे. ती एकेक ओळ उचलते, लिब्रेऑफिस चालवते, फाईल तपासते आणि ओळीसमोर निकाल लिहिते: कोड, तक्रारीचा मजकूर, लागलेला वेळ. कमांडच्या आधी 'टाइमआउट' लावलं आहे, 60 सेकंदांत काम झालं नाही तर ते प्रोग्राम थांबवतं आणि 124 कोड देतं. कारकुनाचं पान दर दोन सेकंदांनी तक्त्याला विचारतं आणि तयार झाली की लिंक दाखवतं. पट्ट्या एकामागून एक निघतात, तरी गर्दीत आधीपेक्षा लवकर हातात पडतात, कारण यंत्राची ओढाताण थांबली. वेबच्या यूजरला आता काहीच चालवायचं नसल्यानं प्रोग्राम चालवणारी सगळी फंक्शनं पीएचपीच्या 'डिसेबल-फंक्शन्स' यादीत टाकून दिली. उघड्या पानातून पुन्हा कधी काही निसटलं तरी तिथून कमांड चालवणं बरंच अवघड जाईल.

अपाचीच्या आत पीएचपी न चालवता पीएचपी-एफपीएम ही वेगळी सर्व्हिस वापरणाऱ्यांसाठी एवढंच की तिथं पर्यावरण-व्हेरिएबलं मुळातच पुसलेली असतात, ते ठरवणारी 'क्लिअर-एन्व्ह' ही सोय न सांगता चालू असते. नावं बदलतात, अडचण तीच.

पुढच्या हंगामात दिवाणजींनी मला न विचारता साच्यात एक रकाना वाढवला आणि वरच्या कोपऱ्यात गणपतीचा फोटो घातला. दुपारी त्यांचा फोन आला. या वेळी 'पट्टी निघंना' एवढंच नव्हतं. "पडद्यावर 124 आलंय. म्हणजे वेळ संपला न्हवं? फोटो लई मोठा घातलाय मी, मोबाईलवरचा हाय तसाच." फोटो लहान करा म्हणालो. मी फोन ठेवायच्या आत पट्टी निघाली होती.